रक्तातली उतरंड

केनियातल्या मसाई माराच्या माळावर एक दाढीवाला अमेरिकन सकाळपासून उगाच इकडेतिकडे बघत उभा आहे. पाठीमागे लपवलेल्या हातात फुंकनळी, नळीत भुलीच्या औषधाचा बाण. समोर एक बबून नर आपल्याच नादात बसलाय. नेम त्याच्या पुठ्ठ्यावर धरायचा आहे. पण आपण नेम धरतोय हे त्याला कळता कामा नये आणि त्याच्या भाऊबंदांनाही दिसता कामा नये. अटी एवढ्यावर संपत नाहीत. त्या नरानं आज कुणाशी मारामारी केलेली नसावी. मादीशी संग झालेला नसावा. तो आजारी नसावा. वेळही ठरलेलीच हवी, कारण रक्तातली संप्रेरकं प्रहराप्रहराला चढतात आणि उतरतात. सगळं जुळून आलं आणि ऐन वेळी त्यानं मान वळवून पाहिलं, तर तो दिवस फुकट. जुळलंच, तर बाण सुटतो, नर दचकतो, थोडा चालतो, डुलतो आणि गवतात आडवा होतो. मग हा माणूस धावत जातो आणि पहिलं काम करतो ते रक्त काढायचं. उशीर झाला की बाणाच्या धक्क्यानंच रक्त बदलून जाणार. त्याला हवं असतं ते या प्राण्याचं एरवीचं रक्त: काहीही घडत नसताना, नुसतं जगत असताना त्याच्या अंगात किती ताण वाहतो, ते.

हे रॉबर्ट सपोल्स्की. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मेंदूशास्त्रज्ञ. जन्म १९५७चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. लहानपणी तिथल्या निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात आफ्रिकेतल्या प्राण्यांचे देखावे काचेआड मांडलेले असत. या पोराला ते देखावे बघायचे नव्हते, त्यांत राहायला जायचं होतं. मोठेपणी आपण डोंगरी गोरिला होणार अशी त्याची खात्री होती. शाळेत असतानाच तो स्वाहिली शिकला, वानरांच्या अभ्यासकांना पत्रं लिहू लागला. १९७८मध्ये हार्वर्डची पदवी हातात पडली आणि स्वारी केनियात पोचली. गोरिला काही मिळाले नाहीत, बबून मिळाले. पदरी पडलं आणि पवित्र झालं! घर कर्मठ ज्यू. मुलाचा देवावरचा विश्वास पोरवयातच उडालेला. पण माकडांचं बारसं करताना त्यानं थेट बायबलच्या जुन्या करारात हात घातला. सॉलोमन, सॉल, लिया, नेबुखद्नेझर. नेबुखद्नेझर नावाचं एक आडदांड बबून एखाद्या मादीला चावतंय, हे वाचताना मला दर वेळी हसू येतं. या नावांत थोडा सूडही असावा, धर्मगुरूंवरचा.

माणसाच्या मनाचा अभ्यास करायला माकडाचं रक्त कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर मॉन्ट्रियलमध्ये सापडतं, आणि ते उंदरांच्या जिवावर मिळालेलं आहे. १९३०च्या दशकात मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये नावाचा एक तरुण संशोधक उंदरांना रोज कसलासा अर्क टोचत होता. ही गोष्ट सपोल्स्की फार रंगवून सांगतात. सेल्येचा हात अगदीच अनाडी. उंदीर निसटायचे, खाली पडायचे, मोरीच्या मागे जाऊन दडायचे, आणि हा झाडू घेऊन त्यांना हुसकत अर्धी सकाळ घालवायचा. काही महिन्यांनी उंदीर चिरून पाहिले, तर पोटात व्रण, मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, रोगप्रतिकाराच्या ऊती झिजलेल्या. अर्काचा गुण सापडला म्हणून गडी खूश! पण नियमाप्रमाणे काही उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांच्याही पोटात तेच. दोन्ही गटांत समान गोष्ट एकच होती: टोचणारा. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून घरी गेला असता. सेल्येनं मात्र ओळखलं की छळ कशाचाही असो, थंडीचा, भुकेचा की झाडूचा, शरीर उत्तर एकाच ठरावीक तऱ्हेनं देतं. १९३६मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं एक छोटंसं पत्र छापून आलं. आज आपण घरोघर ज्याला टेन्शन म्हणतो, त्याच्या शास्त्राची सुरुवात त्या पत्रापासून धरतात.

ते उत्तर कसं असतं? झेब्र्याच्या मागे सिंह लागला की आधी अॅड्रिनॅलिन सुटतं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पाठोपाठ मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला खबर देतो, ती रक्तावाटे अॅड्रिनल ग्रंथींना सांगते, आणि तिथून कॉर्टिसॉल पाझरू लागतं. साठवलेली साखर मांडीच्या स्नायूंकडे धावते. पचन थांबतं, वाढ थांबते, अंगाची डागडुजी थांबते. यात चूक काहीच नाही. पुढच्या पाच मिनिटांत जगलो तरच उद्याची बेगमी. झेब्रा सुटला की थोड्या वेळानं मान खाली घालून पुन्हा चरू लागतो. त्याच्या रक्तातला सिंह निघून गेलेला असतो.

माणसाचा सिंह जात नाही. पहाटे तीनला डोळे उघडतात आणि सोमवारचं ऑडिट आठवतं, मुलीचं लग्न, गृहकर्जाचा हप्ता, परवा कुणीतरी चारचौघांत टाकलेला एक शब्द. खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नाही, आणि अंगात मात्र तीच सगळी धावपळ: तीच साखर, तेच थांबलेलं पचन. महिनोन्‌महिने. सपोल्स्कींनी १९९४मध्ये यावर जे पुस्तक लिहिलं त्याचं नावच ‘व्हाय झेब्राज डोन्ट गेट अल्सर्स’. गंमत अशी की तोवर अल्सरचं खापर हेलिकोबॅक्टर नावाच्या जिवाणूच्या माथी फुटलेलं होतं. तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना पुढे २००५मध्ये नोबेलही मिळालं. सपोल्स्कींनी शीर्षक तसंच ठेवलं. जिवाणू पोटात बाळगणारे पुष्कळ, व्रण पडतात ते त्यांतल्या थोड्यांना. ते थोडे कोण, हे ठरवण्यात ताणाचाही वाटा असतो.

बबूनांकडे वळण्याचं कारण त्यांचं आयुष्य आपल्या अंगावर येण्याइतकं ओळखीचं आहे. मसाई माराच्या त्या भागात खायला मुबलक. पोट भरायला तीन-चार तास पुरतात. सिंह-तरस आहेत, पण रोज उठून नाहीत. म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ मोकळा, आणि तो मोकळा वेळ ही मंडळी एकमेकांचं जिणं हराम करण्यात घालवतात. वरच्यानं खालच्याला जागेवरून उठवायचं, हातातला कंद हिसकावायचा, काही कारण नसताना नुसते सुळे दाखवायचे. त्यांचा ताण सिंहाकडून येत नाही. शेजारच्याकडून येतो.

त्यांतलं एक दृश्य मला विसरता येत नाही. एक मोठा नर भांडणात हरतो. वळतो आणि एका मध्यम वयाच्या नराच्या अंगावर धावून जातो, ज्याचा या भांडणाशी संबंध नाही. तो पळता पळता एका मादीला चावतो. मादी एका अर्धवट वाढलेल्या पिल्लाला फटका मारते. ते पिल्लू त्याहून लहानग्याला झाडावरून ढकलून देतं. सगळं मिळून काही सेकंदांचा मामला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतो ते हेच. फक्त इथे ते रक्तात मोजलेलं आहे. हरल्यावर ज्या नरांना असा राग काढायला कुणीतरी खालचं मिळतं, त्यांच्या रक्तातला ताण कमी असतो. या पायरीपाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

माझी सगळी नोकरी एका बँकेच्या शाखांमध्ये गेली. त्यांतल्या एका शाखेत, मार्चअखेरीला, साहेबांना वरच्या कार्यालयातून फोन आला. काचेच्या केबिनमुळे बाहेर काही ऐकू येत नव्हतं, पण साहेब खुर्चीतून उठून उभे राहिलेले दिसले आणि फोन संपेपर्यंत उभेच होते. रिसीव्हर ठेवला, बेल वाजली, अकाउंटंट आत गेले. बाहेर आले ते कान लाल होऊनच. आल्या पावली त्यांनी कॅश काउंटरवरच्या नव्या मुलीला, रांगेतल्या लोकांसमोर, नोटांच्या बंडलाला पट्टी नीट का लावली नाही म्हणून झापलं. तिनं डोळे पुसले आणि शिपायाला म्हणाली, व्हाउचर आणायला एवढा वेळ? शिपाई चहावाल्या पोरावर खेकसला. पोरानं कप असा आदळला की चहा थेट माझ्या लेजरवर. त्या पानावर तपकिरी गोल डाग पडला, आणि पुढे ऑडिटरनं त्याभोवती लाल पेन्सिलनं खूण करून ठेवली. साहेबांचं रक्त ताळ्यावर आलं होतं. दुपारी ते सगळ्यांशी फार गोड बोलत होते.

उतरंडीची किंमत माणसांतही मोजली गेली आहे, आणि मोजायला माणसं निवडली ती सरकारी कचेरीतलीच. १९६७मध्ये लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या साधारण अठरा हजार पुरुष नोकरदारांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की सर्वांत खालच्या श्रेणीतल्या माणसांत, म्हणजे निरोपे, दारवान वगैरे, हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून अधिक आहे. यांतलं कुणी उपाशी नव्हतं. इस्पितळाचा खर्चही कुणाला खिशातून करायचा नव्हता. विडीकाडी, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वजा केला तरी मोठा फरक उरतोच. शिवाय तो पायरीपायरीनं उतरतो: दुसऱ्या पायरीवरचा पहिल्यापेक्षा वाईट, तिसरा दुसऱ्यापेक्षा. साहेब लोकांना टेन्शन फार, असं आम्ही कारकून मंडळी सहानुभूतीनं म्हणत असू. आकडे उलटं सांगतात.

बबूनांतही सर्वसाधारणपणे तसंच: उतरंड स्थिर असली की खालच्यांच्या रक्तात एरवीचं कॉर्टिसॉल जास्त. उतरंड हलली, कोण वर कोण खाली हे रोज नव्यानं ठरू लागलं, की वरच्यांची झोप उडते. पण सपोल्स्कींना पुढेपुढे दुसरंच काही महत्त्वाचं वाटू लागलं. एकाच पायरीवरचे दोन नर घ्या. एकाला शंभर हात लांब झोपलेला प्रतिस्पर्धीही अस्वस्थ करतो. दुसरा, समोरून येणारा खरोखर भांडायला येतोय की नुसताच चाललाय हे ओळखून असतो. त्याच्या चार माद्यांशी मैत्री असते, तो पिल्लांशी खेळतो, कुणाच्या तरी पाठीवरच्या उवा-गोचिड्या वेचत बसतो आणि कुणीतरी त्याच्या वेचत बसलेलं असतं. या दुसऱ्याचं रक्त शांत. हुद्दा काहीही असो.

उन्हाळ्यात बबून आणि उरलेलं वर्ष प्रयोगशाळेतले उंदीर, असा क्रम सपोल्स्कींनी वीसहून अधिक वर्षं चालवला. त्यांचे गुरू न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले ब्रूस मॅकइवन. ताणाचं संप्रेरक मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन चिकटतं, हे मॅकइवन आणि सहकाऱ्यांनी १९६८मध्ये उंदरांत दाखवलं. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवण साठवणारी जागा. तोवर समजूत अशी की संप्रेरकांचा कारभार गळ्याखाली चालतो. तिथून पुढे एकेक गोष्ट उलगडत गेली. ताण लांबला की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडतात. आणि पुढची कडी आपल्याकडे जोडली गेली: बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं २००२मध्ये दाखवलं की उंदरांना रोज दोन तास असं दहा दिवस जखडून ठेवलं, तर हिप्पोकॅम्पसमध्ये फांद्या झडतात, पण भीतीचं ठाणं असलेल्या अमिग्डलामध्ये त्या वाढतात. जखडणं थांबवून तीन आठवडे गेले की हिप्पोकॅम्पस पूर्ववत होतो. अमिग्डला होत नाही. आठवण दुरुस्त होते आणि भीती मागे राहते. ज्यांनी एखादा वाईट काळ काढलाय त्यांना हे सांगायला उंदीर लागत नाहीत. पण आपल्याला वाटतं ते वेडेपण नाही, त्याला पेशींचा आकार आहे, हे कळण्यातही एक आधार असतोच.

बंगळूरचं ते केंद्र ज्या संस्थेचा भाग, ती टाटा मूलभूत संशोधन संस्था मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरात, समुद्राला लागून आहे. तिथे विदिता वैद्य सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करतात. उंदराच्या नवजात पिल्लांना रोज काही तास आईपासून दूर ठेवलं, तर ती मोठी होऊनही घाबरट राहतात. ही सल मेंदूत कुठल्या रसायनाच्या हातानं कोरली जाते, हा त्यांचा शोधाचा विषय. सेरोटोनिनमुळे मेंदूतल्या पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात, असंही त्यांनी आणि उल्लास कोल्थूर यांनी २०१९मध्ये दाखवलं. म्हणजे ज्याला आपण मनाची उभारी म्हणतो, तिचा काही भाग अक्षरशः पेशींच्या ताकदीचा. वैद्यांना २०२२चं इन्फोसिस पारितोषिक मिळालं. शेजारच्या काकूंना ‘जरा मन घट्ट करा’ असा सल्ला देणाऱ्यांनी हे काम समजावून घ्यायला हवं. मन घट्ट करायलाही पेशीत इंधन लागतं.

आता त्या टोळीकडे येतो, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

सपोल्स्की १९७८पासून ज्या टोळीमागे फिरत होते, तिला ते फॉरेस्ट ट्रूप म्हणत. शेजारच्या दुसऱ्या एका टोळीच्या हद्दीत पर्यटकांचं एक लॉज होतं आणि लॉजच्या मागे उकिरडा. रोज सकाळी तिथे हॉटेलातलं उरलंसुरलं येऊन पडे. फॉरेस्ट ट्रूपमधले काही नर पहाटे उठून तिकडे जात आणि त्या टोळीशी मारामारी करून खाणं मिळवत. जायचे कोण? जे अंगानं दणकट, स्वभावानं भांडखोर, आणि पहाटेच्या वेळी घरच्यांसोबत उवा वेचत बसण्यात ज्यांना रस नव्हता, ते. १९८३च्या सुमारास त्या उकिरड्यावर क्षयरोगी गुरांचं मांस येऊन पडलं. माणसाला क्षय झाला तर तो सावकाश झिजतो. बबून काही आठवड्यांत संपतात. १९८६पर्यंत उकिरड्यावर जाणारा एकही नर उरला नाही. टोळीतले जवळजवळ निम्मे नर गेले, आणि नेमके दांडगट तेवढे गेले. उरले ते सौम्य नर, आणि त्यांच्या दुप्पट माद्या.

या प्राण्यांवर या माणसानं किती जीव लावला होता, ते सपोल्स्कींच्या ‘अ प्रायमेट्स मेमॉयर’ या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दिसतं. एकेका नावानिशी हिशेब आहे तो. त्यानंतर त्यांना त्या टोळीकडे बघवेना. ते दुसऱ्या टोळीवर काम करू लागले. १९९३मध्ये पुन्हा तिकडे फिरकले तेव्हा जे दिसलं, ते त्यांनी लिसा शेअर या आपल्या पत्नीबरोबर आणखी काही वर्षं तपासलं आणि २००४मध्ये प्रसिद्ध केलं.

टोळी अजून सौम्यच होती. आता यात नवल ते काय, असं वाटेल. पण बबून नर वयात आला की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो. म्हणजे १९९३मध्ये तिथे असलेल्या नरांपैकी एकही त्या साथीच्या काळातला नव्हता. सगळे बाहेरून आलेले, नेहमीच्या हडेलहप्पी टोळ्यांत वाढलेले. तरी इथे आल्यावर ते इथल्यासारखे झाले. उतरंड होतीच. वरचा वरच होता आणि खालचा खालीच. बरोबरीच्यांत भांडणंही होत. पण वरचा अगदी तळाच्याला छळत नव्हता, आणि हरलेला नर माद्यांवर राग काढत नव्हता. नर नराच्या पाठीवरच्या उवा वेचताना दिसत, जे एरवी फार क्वचित घडतं. आणि रक्त? तळाच्या नरांच्या रक्तात तळाच्या नरांचा ताण नव्हता.

हे कसं टिकलं? नव्यांना कुणी धडे दिले नसणार. फरक दिसला तो स्वागतात. परक्या टोळीत शिरलेला तरुण नर म्हणजे बापडा. अंगावर ओरखडे, पोट खपाटीला, काठाकाठानं फिरतो. एरवीच्या टोळीत एखादी मादी त्याच्याजवळ आपणहून येऊन बसायला दोन-अडीच महिने जातात. या टोळीत तीन आठवड्यांच्या आत येत. सपोल्स्कींचा अंदाज असा: माद्यांवर कुणी उगाच धावून जात नसल्यामुळे त्या निवांत होत्या, निवांत असल्यामुळे नवख्याला जवळ करायला त्यांना भीती वाटत नव्हती, आणि कुणी जवळ केल्यावर नवख्याला सुळे दाखवायचं कारण उरत नव्हतं. यात सुधारक कुणी नाही. साथ आली आणि चुकीच्या माणसांऐवजी, बबूनांऐवजी, बरोब्बर नेमक्यांना घेऊन गेली, एवढंच. साथीवर कुणी आशा ठेवून बसू शकत नाही. पण बबून हे असेच असतात, भांडणं त्यांच्या रक्तातच आहेत, असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. ते एका टोळीनं खोटं ठरवलं, आणि दहा वर्षं खोटं ठेवलं.

म्हणूनच उतारवयात सपोल्स्की जे म्हणू लागले आहेत, ते मला गळ्याखाली उतरत नाही. २०१७च्या ‘बिहेव’मध्ये त्यांनी एका साध्या कृतीमागे पावलं टाकत प्रवास केला: सेकंदापूर्वी मेंदूत काय झालं, तासांपूर्वी रक्तात, वर्षांपूर्वी बालपणात, आईच्या पोटात, पूर्वजांच्या मुलखात. भव्य पुस्तक आहे. २०२३च्या ‘डिटरमिन्ड’मध्ये मात्र ते त्यावरून सरळ निष्कर्ष काढतात की इच्छास्वातंत्र्य मुळात नाहीच, श्रेय नाही, दोष नाही, शिक्षेलाही अर्थ नाही. शिक्षेबद्दलचा कळवळा मला समजतो. काचेच्या केबिनमधल्या त्या साहेबांनाही वरून कुणीतरी बोललंच होतं, आणि त्या वरच्यालाही आणखी कुणीतरी बोललं असणार. तरीही साखळीतला एखादा दुवा राग पुढे न ढकलता आपल्यापाशी ठेवून घेतो, हे मी शाखेत पाहिलं आहे. रोख विभागातले एक वयस्क गृहस्थ तसे होते. साहेबांनी बोलून घेतलं की ते शांतपणे डबा उघडून दोन लाडू काढत आणि एक ज्याच्यावर बोलणी जाणार होती त्याच्या हातावर ठेवत. त्यांच्या त्या करण्यालाही मागच्या हजार कारणांची साखळी असेल, असं सपोल्स्की म्हणतील. म्हणोत. मी त्याचं श्रेय त्या गृहस्थांनाच देणार.

वाद घालायला माणूस फार चांगला आहे. ज्यांना पुस्तकांचा आकार बघून धडकी भरते, त्यांच्यासाठी सांगतो: २०१०मध्ये त्यांनी स्टॅनफर्डमध्ये मानवी वर्तनाच्या जीवशास्त्रावर दिलेली पंचवीस व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत. इंग्रजी सोपं आहे, विनोद जागोजागी आहेत, आणि फळ्यासमोरची ती दाढी केनियातलीच आहे. पुस्तकांपैकी आधी ‘अ प्रायमेट्स मेमॉयर’ घ्या. ‘डिटरमिन्ड’ नंतर वाचलं तरी चालेल.